मुक्काम-वाट: रविवारच्या बैठकीची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

रतनवाडी, कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड या मुक्काम-वाटेची (गावोगावी रात्रीचा मुक्काम करत चालायची वाट) बैठक येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता नौपाड्यातल्या नेहमीच्या जागी आहे. ठाण्याहून कसारा लोकल पकडून रतनगडाकडे गेलेल्या प्रत्येकाने यावंच.

अशा वाटेचं उदाहरण नॉर्वेत आहे. तिथल्या १८६८ साली स्थापन झालेल्या डीएनटी या डोंगरभटकंतीच्या संस्थेच्या डोंगरात साडेपाचशेहून अधिक केबिन आहेत. उन्हाळ्यात चालणारे आणि बर्फात स्कीवाले तिथे मुक्काम करत पुढे जातात. वाटेवर दगडांवर रंगवलेलं लाल इंग्रजी 'टी' अक्षर रस्ता दाखवतं. काही केबिनांत माणूस नसतो. शिधा भरलेला असतो, वापराल त्याचे पैसे आपणहून भरायचे. हा विश्वास मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याला मात्र नवं बांधकाम नको. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि गावांत घरं आहेतच. ओसरीवर झोपायला जागा, चुलीवरची भाकरी, ठरलेला दर, तोही गावकऱ्यांनीच ठरवलेला. पैसा गावात राहिला तरच ही वाट टिकेल.

खरा प्रश्न पाण्याचा. मार्च ते मे या काळात वाटेवर कुठे पाणी मिळतं, हे ज्यांनी स्वतः पाहिलंय त्यांनी टिपणं आणावीत. खुणा रंगवण्याचा उत्साह आत्ता आवरा. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकाही दगडाला ब्रश लागणार नाही.

जीपीएस नोंदी शनिवारपर्यंत गटावर टाका.