जुळले नाही म्हणजे आपला नाही, असे नव्हे

मा. संपादक यांस,

आमच्या भावकीत गेल्या वर्षी पुरुषवंशाची डीएनए चाचणी झाली. तासगाव तालुक्यातले आम्ही आणि कराडकडचे त्याच आडनावाचे, त्याच देवकाचे लोक मूळचे एकच का, हा माझ्या वडिलांचा जुना प्रश्न. पालीचा खंडोबा दोघांचेही कुलदैवत. वंशावळीची वही मी वीस वर्षे लिहिते आहे, पण नमुना मला देता येईना. वाय गुणसूत्र बापाकडून लेकाला मिळते, लेकीला नाही. म्हणून माझ्या भाच्याने, म्हणजे भावाच्या मुलाने, गालाच्या आतून काडी फिरवून दिली, कराडच्या एका गृहस्थांनी दिली आणि शेजारच्या घरातल्या चुलतभावाने हौसेने दिली.

या चाचणीत वाय गुणसूत्रावर ३७ ठिकाणी त्या त्या जागेचा ठरावीक तुकडा किती वेळा लागोपाठ येतो ते मोजतात. भाचा आणि कराडकर ३६ ठिकाणी जुळले. वडील असते तर पेढे वाटले असते. मूळ पुरुष किती पिढ्यांमागचा, हे मात्र एवढ्यावरून नेमके कळत नाही. चार असतील, दहाही असतील. चुलतभाऊ जेमतेम वीस ठिकाणी जुळला, आणि कोणीतरी निकालाचा तक्ता भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला.

असा तक्ता दिसला की लोकांच्या मनात आधी घरातली बाई येते. चुलतभावाच्या पणजीबद्दल पारावर जे बोलले गेले ते मी इथे लिहिणार नाही. उत्तर द्यायला ती आज नाही. माघातल्या जागरणाला त्या घरचे कोणी आले नाही. वहिनी म्हणाल्या, "कागदच म्हणतोय आम्ही तुमचं न्हाई, मग कशाला यायचं?"

पुढे सुगी झाल्यावर बैल घेऊन हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वाचून दाखवणारे, आले. मी त्यांना दारात बसवून त्या घराची पिढी वाचायला सांगितली. चुलतभावाच्या पणजोबांपाशी ते थांबले आणि म्हणाले, "लेकीचा लेक मांडीवर घेतला." म्हणजे नातू दत्तक घेतला होता. रक्त आमचेच, पण लेकीकडून आलेले, आणि नेमके तेच या चाचणीला दिसत नाही. त्या नातवाचे वाय गुणसूत्र त्याच्या बापाचे, म्हणजे घरच्या जावयाचे. पणजीचा काडीचाही दोष नव्हता.

दत्तक नाकारून डलहौसीने १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा केले, हा अन्याय म्हणून मी तीस वर्षे वर्गात शिकवला. तेच आपण आपल्या भावकीत करावे का?

ज्यांना ही चाचणी करायची आहे त्यांनी जरूर करावी. मात्र आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, दत्तकपत्रे शोधा, हेळव्याची वही ऐका. नमुना देणाऱ्याला काय काय निघू शकते ते आधी सांगा, आणि त्याच्या संमतीशिवाय निकाल कोणत्याही ग्रुपवर टाकू नका.

हेळव्यांनी वाचलेली ओळ मी वहीत उतरवून चुलतभावाकडे नेली. त्याने ती बोट ठेवून दोनदा वाचली आणि वहिनींना हाक मारली. मूल दिलेल्या त्या लेकीचे नाव मात्र आमच्या वहीत नाही, हेळव्यांच्याही नाही. आता मी लेकींची नावे लिहायला घेतली आहेत. आजवर अकरा सापडली.

– एक निवृत्त शिक्षिका, तासगाव, जि. सांगली