प्रीॲम्प घेण्याआधी घरात काय वाजतं ते बघा

मा. संपादक,
घरगुती ध्वनियंत्रणेवरच्या आपल्या लेखात वेगळा प्रीॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधी बसून आवाज कमी-जास्त करणारं, कोणतं यंत्र वाजवायचं ते निवडणारं खोकं) प्रत्येकाला हवाच, असा सूर आहे. पस्तीस वर्षं रेडिओ-ॲम्प दुरुस्त केलेल्या माझ्यासारख्याला ते पटलं नाही.

सीडी प्लेअर कमाल २ व्होल्ट देतो. माझा पॉवर ॲम्प (स्पीकर वाजवणारा) १ व्होल्टमध्येच पूर्ण ताकदीने वाजतो. म्हणजे वाढवायचं काहीच नाही, उलट कमीच करायचंय! त्यासाठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक स्टिरिओ पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं फिरतं बटण, बसवलाय, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. त्याला वीजही लागत नाही. आधी १०० किलोओहमचा पॉट होता आणि ॲम्प खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, सहा मीटर वायर ओढून. वरचे सूर वाटेतच गळले, सतारीच्या तरफांची (मुख्य तारांखाली गुंजणाऱ्या तारांची) झिलईच गेली. १० किलोओहमचा पॉट घातला, वायर हातभर केली, तरफा परत आल्या. (हिला त्यात काही फरक जाणवला नाही, हेही नमूद करतो.)

तबकड्यांची गोष्ट मात्र वेगळी. दिवाळीत वडिलांचं टर्नटेबल काढलं आणि हौसेने सरळ त्याच डब्याला जोडलं. गवई डासासारखा गुणगुणायला लागला, तंबोऱ्याचा खर्ज गायब! साधी मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई जिला असते तो भाग) देणार ५ मिलिव्होल्ट, म्हणजे सीडीच्या चारशेवा हिस्सा. शिवाय तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील. आणि वरचे सूर चढवतात, म्हणजे वाजवताना ते उतरवले की खरखरही उतरते. १९५४पासून हे ‘आरआयएए’च्या (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या) प्रमाणाने चालतं. तो हिशेब उलटा फिरवणारा फोनो प्रीॲम्प लागतोच. मी ५५३२ नावाची ॲम्पची आयसी (चिप) घालून घरीच जोडला.

पाच-सहा यंत्रं जोडायची असतील, रिमोट हवा असेल, तर सोय म्हणून वेगळा प्रीॲम्प खुशाल घ्या. पण आमच्या शेजाऱ्यांकडे इंटिग्रेटेड ॲम्प आहे, म्हणजे प्रीॲम्प त्याच्या पोटातच. तरी एका दुकानदाराने चाळीस हजारांचा दुसरा त्यांच्या गळ्यात मारला. ‘पुढे रेकॉर्ड ऐकाल तेव्हा उपयोगी पडेल’ म्हणाला. परवा मी तो फिरवून मागची बाजू पाहिली. फोनोचं सॉकेटच नाही.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)