दरडग्रस्तांना कायद्यात ओळख हवी

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन, महाराष्ट्र राज्य

महोदय,

महाड तालुक्यातील एका मुलीला सरकारी भरतीचा ऑनलाइन अर्ज भरायला मी मदत करत होतो. तिचे घर २०२१ च्या दरडीत गेले आहे. अर्जात ‘प्रकल्पग्रस्त आहात काय?’ आणि ‘भूकंपग्रस्त आहात काय?’ असे दोन रकाने होते. तिने काही क्षण विचार केला आणि दोन्ही ठिकाणी ‘नाही’ निवडले. हे पत्र त्या दोन रकान्यांविषयी आहे.

धरणाखाली जमीन गेलेल्या कुटुंबाला आपल्या राज्यात प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळतो, नोकरभरतीत पाच टक्के समांतर आरक्षण मिळते आणि १९९९ च्या पुनर्वसन अधिनियमामुळे नव्या गावठाणातील रस्ता, पाणी, शाळा, स्मशानभूमी यांसाठी भांडता येते. (हे कोणी आपणहून दिलेले नाही, कोयनेपासूनच्या धरणग्रस्तांनी पिढ्यान्‌पिढ्या मोर्चे काढून मिळवलेले आहे.) १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भूकंपग्रस्तांनाही अशीच ओळख मिळाली. डोंगर अंगावर आलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र प्रत्येक वेळी नवा शासन निर्णय येतो, आणि त्यात काय असेल हे त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर राहते.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीणमध्ये दरडीखाली दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळियेत ऐंशीहून अधिक. त्याच सुमारास महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. इर्शाळगडाच्या कुशीतल्या या ठाकर वाडीला रस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रे वर नेता आली नाहीत आणि बचावपथकांना फावड्या-कुदळींनी माती उपसावी लागली. सत्तावीस मृतदेह मिळाल्यावर शोध थांबवण्यात आला. सत्तावन्न माणसे आजही त्या मातीखाली आहेत. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, हे सरकारनेच तेव्हा सांगितले. वाचलेल्यांनी पुढचे दिवस कंटेनरमध्ये काढले आणि नंतर सिडकोने चौकजवळ त्यांच्यासाठी घरे बांधली. घर मिळाले, हे मोठेच काम झाले. पण ज्यांची भातखाचरे, नाचणीचे वरकस आणि रानातला हिरडा वरच राहिला, त्यांचा वनहक्क खाली उतरताना कुठे नोंदवला जातो?

अशा लोकांना वर्तमानपत्रे सर्रास ‘हवामान निर्वासित’ म्हणतात. कायद्याने ते निर्वासित नाहीत. १९५१ च्या निर्वासितविषयक करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट वा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची भीती असलेला आणि देशाबाहेर पडलेला माणूसच बसतो. भारताने तर त्या करारावर सहीच केलेली नाही. किरिबाटी या पॅसिफिक महासागरातील बेटांच्या देशाच्या योआने टेटिओटा यांनी समुद्र वाढल्याच्या कारणावरून न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला. हवामान बदलामुळे जिवाला धोका असेल तिथे माणसाला परत पाठवणे हा हक्कभंग ठरू शकतो, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने मान्य केले, पण त्यांना परत पाठवणे चूक ठरवले नाही. देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांसाठी १९९८ ची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण ती बंधनकारक नाहीत. आफ्रिकी देशांनी मात्र २००९ मध्ये कंपाला येथे बंधनकारक करार केला आणि त्यात हवामान बदलाचा स्पष्ट उल्लेख केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा अनुच्छेद १४ आणि २१ मधला हक्क मानला आहे. तेव्हा दिल्लीची वाट न पाहता राज्याला पाऊल उचलता येईल.

१९९९ च्या अधिनियमाच्या धर्तीवर दरड, पूर आणि किनाऱ्याची धूप यांमुळे उठलेल्या गावांसाठी स्वतंत्र कायदा करावा. त्यात एक खबरदारी हवी: ही दरड हवामान बदलामुळेच कोसळली, हे सिद्ध करण्याचा भार गावावर टाकू नये. एकेका दरडीबाबत ते शास्त्रज्ञांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. पावसाइतकीच डोंगरातली खोदाई आणि जंगलतोडही कारण असू शकते. घर राहण्याजोगे उरले नाही, एवढा पंचनामा पुरेसा धरावा. धोक्याच्या यादीत आपल्या वाडीचे नाव घाला, असा ठराव करण्याचा अधिकार ग्रामसभेला असावा आणि त्यावर ठरलेल्या मुदतीत भूवैज्ञानिक पाहणी व्हावी. स्थलांतरानंतर वरच्या जमिनीचा सातबारा आणि वनहक्काचा दावा अबाधित राहील, असे कायद्यातच लिहावे.

आणि कायदा होईपर्यंत, भरतीच्या अर्जात तिसरा रकाना घालायला कोणती अडचण आहे, ते कृपया कळवावे.

आपला विश्वासू,
रायगड जिल्ह्यातील एक नागरिक