मंत्रिमहोदय, रोपे नका मोजू, सावली मोजा

मा. नगरविकास मंत्री यांस,
स. न. वि. वि.

रस्तारुंदीत जुनी झाडे गेली तेव्हा आपण भर सभेत शब्द दिला होता, एका झाडामागे दहा रोपे. रोपे लागली, फोटोही निघाले. पहिल्याच उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त रोपांच्या काड्या झाल्या आणि त्याच रस्त्याने आम्ही दुपारी भाजून निघतो.

हिशेब मुळातच चुकलाय. १२ मीटर पसाऱ्याचे झाड सुमारे ११३ चौरस मीटर जमीन झाकते. ६० सेंटिमीटर पसाऱ्याचे रोप पाव चौरस मीटरच्या जरा वर. म्हणजे एका झाडाच्या सावलीला ४०० रोपे हवीत. आपण दिलीत दहा. चाळिसावा हिस्सा देऊन वर हारतुरे!

आणि नुसती सावलीच नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट (वीजबिलातले युनिट) उष्णता लागते. मोठ्या झाडाने दिवसात १०० लिटर पाणी पानांतून सोडले, तर उन्हातली आणि हवेतली ६८ युनिट उष्णता त्यात खर्ची पडते. मात्र माती कोरडी पडली की पानांची छिद्रे मिटतात आणि हा गारवा थांबतो. आपला टँकर नेमका एप्रिलमध्येच गायब.

लागवडीचे काय सांगावे! खड्ड्यात राडारोडा, रोपाची काळी पिशवी तशीच, बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक. पिशवीत गोल फिरलेली मुळे पुढेही गोलच वाढतात आणि काही वर्षांनी झाडाचाच गळा आवळतात. ती कात्रीने कापून मोकळी करायची असतात. खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल आणि त्याच्या तिप्पट रुंद हवा. जास्त खोल केला तर माती दबते, रोप खाली जाते, बुंधा कुजतो. वर आळे, ७-८ सेंटिमीटर पालापाचोळा, पण खोडाला न टेकवता. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा २० लिटर पाणी, तेही सावकाश. निगा तीन उन्हाळे. इमारतीजवळ लावायचे तर आधी पश्चिमेला, कारण दुपारनंतर तापलेली भिंत रात्रभर उष्णता ओकते.

हे आपल्या अधिकाऱ्यांना ठाऊक नाही असे थोडेच आहे? पण ठेकेदाराचे बिल रोप खड्ड्यात गेले की निघते, मग ते जगवण्यात कोणाला रस? एक खाते लावते, दुसरे केबलसाठी मुळे तोडते, तिसरे तारांसाठी शेंडा छाटते. जबाबदारी कोणाची, विचारा. फाइल फिरत राहते.

युरोपातल्या ९३ शहरांवरचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला २०२३ चा अभ्यास मागवून घ्या. झाडांचे छत्र ३० टक्क्यांवर नेले तर तापमान सरासरी ०.४ अंशच उतरते, तरी शहर आसपासच्या भागापेक्षा जास्त तापल्याने जाणाऱ्या जिवांपैकी एक तृतीयांशाहून जास्त वाचतात. इथे ०.४ अंशाचीही मारामार.

ठेकेदाराचे निम्मे बिल तिसऱ्या उन्हाळ्यानंतर, जिवंत झाडाची सावली मोजूनच द्या. पुढच्या वृक्षारोपणाचे निमंत्रण नको. टँकरचे वेळापत्रक पाठवा.

कळावे,
उन्हात उभे असलेले आपले मतदार