सही करणाऱ्यावर कारवाई वेळेत व्हावी

संपादक महोदय,

ऑडिटरवर बंदी आली की पेपरात चार ओळींची बातमी येते आणि विषय संपतो, पण पुढे त्या माणसाचं आणि त्याच्या ऑफिसातल्या पोरांचं काय होतं हे कुणी लिहीत नाही. मी सांगलीत सीए म्हणून प्रॅक्टिस करतो, म्हणून हे पत्र.

सत्यम या आयटी कंपनीचंच बघा. जानेवारी 2009 मध्ये तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबूल केलं की बॅलन्स शीटमधले 5,040 कोटी रोख आणि बँकेतले पैसे मुळात नाहीतच. आता एफडी खरंच आहे का हे ऑडिटरने स्वतः बँकेला पत्र पाठवून, उत्तर थेट आपल्या ऑफिसात मागवून बघायचं असतं, पहिल्या वर्षाच्या आर्टिकललासुद्धा (सीएकडे शिकणाऱ्या उमेदवाराला) हे माहिती असतं. सत्यमचं ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या दोन पार्टनरना अटक लगेच झाली, पण तिच्या फर्म्सना लिस्टेड कंपन्यांच्या ऑडिटला बंदी घालायला शेअर बाजाराची नियामक सेबी हिला 2018 उजाडलं, आणि 2019 ला सॅटने (सेबीच्या आदेशांवर अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने) ती बंदीपण उडवली, म्हणे हा अधिकार सीएंच्या इन्स्टिट्यूटचा. 2009 ला जी पोरं शाळेत होती ती तोवर तिथे नोकरीला लागलेली, झळ त्यांनाच बसणार होती की!

ऑडिटरवर नजर ठेवणारी सरकारी संस्था एनएफआरए आल्यावर वेग वाढला हे मान्य. आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणारी कंपनी 2018 मध्ये कोसळली आणि 2020 मध्येच तिच्या फायनान्स कंपनीचं ऑडिट करणाऱ्या पार्टनरवर 7 वर्षांची बंदी आणि 25 लाख दंड. पण फेब्रुवारी 2025 ला दिल्ली हायकोर्टाने एनएफआरएचे अधिकार कायम ठेवूनही तिच्या काही नोटिसा रद्द केल्या, कारण तपास आणि निकाल एकाच हातात. हे आधीच नीट करायला काय हरकत होती?

एनएफआरएची ही बंदी सहा महिने ते 10 वर्षं असते, ऑडिट, इंटर्नल ऑडिट आणि व्हॅल्युएशन बंद, टॅक्स आणि जीएसटीचं काम मात्र चालू. पोटापाण्यासाठी ते ठीकच आहे, पण ज्या कंपनीच्या ऑडिटमुळे बंदी आली तिच्याच ग्रुपमध्ये सल्लागार म्हणून फी घ्यायला तरी मनाई हवी. आणि बदनाम फर्ममधून आलेल्या पोरांना इंटरव्ह्यूत "तुम्ही त्या फाइलवर होतात का" असं विचारलं जातं, ते मी ऐकलंय, जिने फक्त व्हाउचर तपासले त्या मुलीने काय उत्तर द्यायचं? ऑर्डरमध्ये निर्णय कुणी घेतला आणि कुणी फक्त सांगितलेलं काम केलं हे स्पष्ट लिहा, आणि चौकशीला दोन वर्षांची मुदत घाला.

– एक प्रॅक्टिसिंग सीए, सांगली