सरांच्या मोठ्याला नोटीस

बाळ्या,

माझ्या डाव्या खांद्याचं तुझ्या कानावर आलंच असेल. बाकी तब्येत बरी, शुगर आहे तिथंच आहे. वैताग दुसराच आहे.

फ्लूची लस घेतली, ती आपल्या सरांच्या मोठ्या पोराकडं, त्याच्याच दवाखान्यात. मी खुर्चीत, तो उभा. सुई दंडात जायची ती वर, पार खांद्याच्या हाडाला लागून बसली. त्याच रात्री हात उचलेना. अजून शर्ट घालायला बायको लागते. हस लेका, म्हणं गोलकीपर! (शाहू स्टेडियमवरचा तुझा तो गोल ऑफसाइडच होता. मरेस्तोवर हेच सांगणार.) एमआरआयत सांध्यावरच्या पिशवीला सूज निघाली. हाडांचे डॉक्टर तोंडानं म्हणाले, "इंजेक्शन वर बसलंय." तेवढंच लिहून द्या म्हटलं, तर चष्मा पुसत बसले.

न्यू जर्सीच्या नंदाला हेच झालं होतं. तिकडं १९८८ पासून भरपाईची सरकारी योजनाच आहे. फ्लूच्या डोसामागं ७५ सेंट कर घेतात, त्यातून पैसे देतात. खांद्याची ही इजा २०१७ पासून त्यांच्या यादीत आहे. ४८ तासांत दुखायला लागलं, सहा महिन्यांवर टिकलं, दुसरं काही कारण नाही, हे कागदांवरनं दिसलं की झालं. टोचणारा चुकला असं कुणाला म्हणायलाच लागत नाही.

इथं सगळं त्याच्यावरच अडतं. पैसे मोजून टोचून घेतली म्हणून ग्राहक आयोगात जाता येतं, मुदत दोन वर्षं. (सगळ्यांना फुकट देणाऱ्या सरकारी दवाखान्यात घेतली असती तर तेही नाही.) पण निष्काळजीपणा सिद्ध करायचा मी. म्हणजे तक्रारदार मी आणि सामनेवाला सरांचा मोठा! वकील म्हणतो, डॉक्टरांचा विमा असतोय, पैसे कंपनी भरंल, तुम्ही कशाला कळवळताय? अरे, पैसे कंपनी भरंल, पण निकालात नाव कुणाचं राहणार? आणि सरांच्या दारात काकू रोज संध्याकाळी बसलेल्या असतात. मी हल्ली मागच्या बोळातनं जातो.

तुझी दहावीची फी कुणी भरली, ते मी तुला सांगायला नको. म्हणून तुलाच विचारतोय, नोटीस धाडू का नको? फिजिओथेरपीचा खर्च मात्र खरा आहे, आणि पोरगं साधं "काका, हात कसाय?" विचारायलाही आलं नाही. त्याचाच राग जास्त आहे बघ.

सोनूचं पुण्यात जमलं म्हणं, झकास! वहिनींचा गुडघा?

नोटिशीचा मसुदा वकिलाकडं तयार आहे, सही तेवढी राहिलीय. काय ते लवकर कळव, आणि पत्रानंच. फोन केलास तर ही उचलंल, आणि हिच्या मते नोटीस कवाच जायला पाहिजे होती.

तुझा,
अण्ण्या