आई-आप्पांना: परड्याची भिंत

खानापूर, श्रावण

ती. आई-आप्पांस सा. नमस्कार.

दादाकडून कळण्याआधी मीच सांगते. परड्यात गल्लीतल्यांबरोबर भाजी लावलीय, त्यासाठी मागची भिंत काढली. सगळी नाही, बैलगाडी जाईल एवढीच. आधी विचारलं असतं तर आप्पा नको म्हणाले असते, आणि त्यांनी नको म्हटल्यावर माझ्याने झालं नसतं. ती भिंत का बांधली ते मला ठाऊक आहे, आप्पा. पण ज्यांच्यामुळे बांधली त्यांचीच सून आता रोज शेणाची बुट्टी घेऊन येते.

फरशी घालायचंही रद्द केलंय. चिखल, साप, आईचे गुडघे, सगळं मान्य. पण पावसाळ्यात परड्यातून तांबडं पाणी वाहायचं, आठवतं? मी त्यात होड्या सोडायची आणि आई, तू पदराने माझे पाय पुसायचीस. ती आपली मातीच वाहून जात होती. आपल्याकडचा पाऊस उघड्या जमिनीवर कोसळला की कस राहणार कुठे? आता वीतभर भाताचं पिंजर आणि फणसाचा पाला अंथरलाय. परवा समोरच्या अक्कांनी पिंजर सारून दाखवलं, तर खाली गांडुळांची रवाळ माती. ओंजळीत घेऊन हुंगली त्यांनी, आणि मग माझ्या नाकाशी धरली!

खत विकत आणत नाही. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत करतो. त्यांचं माप एकराचं: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन 2-2 किलो, वर बांधावरची मूठभर माती. आपल्या परड्याला त्याचा दहावा हिस्साही उरतो. दोन दिवस सावलीत ठेवून ढवळायचं. वास येतो, खोटं कशाला बोलू; पण बादली तुमच्या खिडकीपासून लांब ठेवलीय. कडेने वाल आणि चवळी लावलीय. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणजे युरियाची गोणीही नको.

यात गल्लीतली पाच घरं आहेत. जो खुरपतो तो तोडतो. उरलेली भाजी दारातल्या बुट्टीत, ज्याला हवी त्याने न्यावी. रविवारी संध्याकाळी प्रत्येक घरातून एकेक पदार्थ येतो. अक्कांची कण्या घातलेली अंबाडी तर आप्पा, तुम्ही बोटं चाटाल. श्रावण आहे तोवर वशाटाचा प्रश्न नाही, पुढचं पुढे बघू.

आई, तुझ्या स्वयंपाकघरात कुणी पाऊल टाकत नाही, जो तो आपल्या घरून करून आणतो. तुळस, बंब, सगळं होतं तिथेच आहे. मागच्या दारापासून न्हाणीपर्यंत पिंजर टाकलेलं नाही. वाट मोकळी आहे, वर दिवा आहे, न्हाणीत धरायला दांडी बसवलीय. सापाची धास्ती असेल तर रात्री मला हाक मार, मी बॅटरी घेऊन येईन.

आप्पांची खुर्ची फणसाखालीच आहे. दादा म्हणतो, तुम्ही दिवसभर टीव्हीसमोर असता, धड जेवत नाही. त्याच्याकडे काही कमी नाही, मला माहीत आहे, आणि वहिनी किती करते तेही. पण इथे काकडीचा मांडव कुणालाच धड बांधता येत नाही, दोनदा कोसळला. तुम्ही खुर्चीत बसून फक्त हुकूम सोडायचे. खुरप्याला हात लावायचा नाही, डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय, हे विसरू नका. बीपीची गोळी रोज घ्यायची, "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आणि आई, त्यांच्या ताटात चोरून लोणचं वाढू नकोस.

गणपतीला रेल्वेनेच या, बसने नको. बेळगावला उतरा, मी गाडी घेऊन येते. खालचे दोन्ही बर्थ मिळाले नाहीत तर दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढायला सांगा दादाला. येताना रिपोर्टांची फाईल हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको.

तुमची,
बाळी